रोराइमा शिकवायचा तर आधी आपल्या डोंगराची कड दाखवा

चाळीसगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या मॅडमनी विचारलं आहे : सहावी-सातवीच्या मुलांना दक्षिण अमेरिकेतल्या रोराइमा डोंगराचा व्हिडिओ दाखवला आणि प्रश्नांचा पाऊस पडला. ‘हाऊ डोंगर वर सपाट काबर शे?’ कोणी कापला का? वर डायनासोर आहेत का? एवढ्या उंचावर पाणी कुठून येतं? दोन तासिका आहेत, साहित्य जेमतेम आहे. कसं समजवायचं?

मॅडम, पहिली तासिका व्हिडिओने नाही, वर्गाबाहेर सुरू करा. तुमच्याकडून दक्षिणेला पाटणादेवीच्या बाजूची अजिंठ्याची रांग दिसते. मुलांना मैदानात उभं करा आणि फक्त तिचा माथा बघायला सांगा. लांबच लांब माथा पट्टीने रेघ मारल्यासारखा आडवा आहे. नंदुरबारकडच्या मुलांना हेच तोरणमाळला दिसतं. त्या गावाच्या नावातच ‘माळ’ आहे. म्हणजे सपाट माथ्याचा डोंगर आपल्या मुलांनी जन्मापासून पाहिलेला आहे, त्याचं नवल तेवढं कधी वाटलेलं नाही. ते नवल आधी इथे जागं झालं, तर रोराइमा समजायला अर्धा तास पुरतो. नाही झालं, तर रोराइमा म्हणजे मोबाईलमधला आणखी एक चमत्कार, एवढंच उरतं.

आता माथ्यावरून नजर खाली आणायला सांगा. उभा काळा कडा, मग गवताचा किंवा झुडपांचा तिरपा उतार, पुन्हा उभा कडा, पुन्हा उतार. मुलं स्वतःच ‘पायऱ्या’ म्हणतील. आपल्या या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आला आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, आडवा पसरला, थंड झाला. त्यावर पुढचा थर आला, मग त्याच्या पुढचा. काही थर घट्ट आणि कठीण झाले, काही पोकळ बुडबुड्यांचे आणि ठिसूळ. ठिसूळ थर कुजून त्याचा मुरूम होतो आणि उतार बनतो, कठीण थर कड्यासारखा उभा राहतो. सगळ्यात वर कठीण थर आडवा राहिला की माथा सपाट.

एवढंच सूत्र मुलांच्या तोंडी बसू द्या : थर आडवे, वरचा थर कठीण, खालचा मऊ, आणि कापणारं पाणी. याच सूत्राने रोराइमा उलगडतो. खडक मात्र पूर्ण वेगळा आहे, आणि धडा खरा तिथेच आहे. आकार सारखा दिसला म्हणून जन्मकथा सारखी नसते.

आता नकाशा घ्या. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात व्हेनेझुएला, गयाना आणि ब्राझील हे तीन देश जिथे भेटतात, तिथे रोराइमा आहे. नर्मदेच्या काठी नंदुरबार जिल्ह्याच्या टोकाला महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश भेटतात, तसंच. बहुतेक माथा व्हेनेझुएलात आहे. अशा उभ्या कड्यांच्या सपाट डोंगरांना तिथले पेमोन लोक ‘तेपुई’ म्हणतात आणि त्या भागात असे शंभराहून जास्त डोंगर आहेत. रोराइमाची उंची समुद्रसपाटीपासून २,८१० मीटर, माथ्याचं क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस किलोमीटर, भोवतीचे कडे सुमारे ४०० मीटरचे.

हे आकडे नुसते फळ्यावर लिहिले तर वाया गेले. ३१ चौरस किलोमीटर म्हणजे साडेसात हजार एकरांहून जास्त. शेतकऱ्याच्या पोराला एकर कळतो. ज्याच्या घरी पाच एकर आहे त्याला विचारा, अशी किती शेतं त्या माथ्यावर मावतील? दीड हजार. कड्यासाठी रस्त्यावरचा विजेचा खांब घ्या. तो जमिनीवर ९ मीटर धरला तर असे ४४ खांब एकावर एक. मुलांना आधी अंदाज करू द्या, मग भागाकार. बहुतेक मुलं दहा-बारा खांब म्हणतात, आणि उत्तर निघाल्यावर जो ‘अबब’ येतो तो त्यांचा स्वतःचा असतो.

आता खडक. रोराइमा लाव्ह्याचा नाही, वाळूचा आहे. सुमारे १७०-१८० कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणि उथळ पाण्याने वाळू आणून थरावर थर पसरले. वरच्या थरांच्या ओझ्याने आणि कणांमध्ये जमलेल्या सिलिका या खनिज पदार्थाने ती वाळू घट्ट होऊन वालुकाश्म झाला. कण कशाचे? गारगोटीचे. हा शब्द मुलांना माहीत आहे, कारण आपल्याकडे बांधावर, नदीत, विहीर खणताना गारगोट्या निघतातच. एक गारगोटी हातात द्या आणि सांगा, ही कुटून वाळू केली, ती वाळू पसरून पुन्हा दगड केला, की तो रोराइमाचा दगड. रोराइमाच्या माथ्यावर एका खोलगट भागात तर स्फटिकांचा सडा पडलेला आहे. ते स्फटिकही याच खनिजाचे. आपल्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांतही गारगोटी सापडते, रोराइमाच्या खडकात मात्र तिच्याशिवाय फारसं दुसरं काही नाही.

इथे एक गंमत दाखवा, ती मुलं विसरत नाहीत. व्हिडिओत रोराइमाचा माथा काळाकुट्ट दिसतो, म्हणून आपली मुलं लगेच म्हणतात, ‘आपल्यासारखाच काळा दगड!’ तसं नाही. तिथला दगड फोडला तर आतून गुलाबी किंवा फिकट पांढुरका निघतो. वरचा काळेपणा दगडावर वाढणाऱ्या सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्म जिवाणूंच्या पातळ थराचा आहे. आपला दगड बरोबर उलट. बांधावरचा जुना दगड बाहेरून तपकिरी, मातकट असतो, हातोडीने फोडला की आतून काळा निघतो. एक दगड मुलांसमोर फोडाच. फोडताना तो गोणपाटात गुंडाळा, मुलांना पाच पावलं मागे उभं करा आणि स्वतः डोळ्यांवर चष्मा लावा, कारण आपल्या या काळ्या दगडाची, म्हणजे बेसॉल्टची, कपची फार धारदार उडते.

डायनासोरचा प्रश्न वयाच्या मोजमापाने सुटतो. त्यासाठी साडेचार मीटरपेक्षा थोडी जास्त सुतळी घ्या. १ मिलिमीटर म्हणजे १० लाख वर्षं. एका टोकाला ‘आज’ची गाठ मारा. तिथून मागे ६.६ सेंटिमीटरवर आपला सह्याद्री-सातपुड्याचा लाव्हा. सुमारे २३ सेंटिमीटरवर पहिले डायनासोर. १ मीटर ८० सेंटिमीटरवर रोराइमाची वाळू. ४ मीटर ५४ सेंटिमीटरवर पृथ्वीचा जन्म. आणि आपण माणसं? ‘आज’च्या गाठीतच, अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. रंगीत चिंध्या बांधा, मुलं दोन टोकं धरून उभी राहू द्या. ती वाळू पडत होती तेव्हा प्राणी म्हणावं असं काहीच पृथ्वीवर नव्हतं, त्यामुळे त्या दगडात डायनासोरचं हाड सापडायचा प्रश्नच येत नाही. वर जिवंत डायनासोर असल्याच्या कल्पना गोष्टींतून आणि चित्रपटांतून आल्या. माथ्यावर माणसं जातात. १८ डिसेंबर १८८४ रोजी एव्हरार्ड इम थर्न आणि हॅरी पर्किन्स वर पोचल्याची नोंद आहे, आणि आज व्हेनेझुएलाच्या बाजूने एका नैसर्गिक तिरप्या वाटेने लोक दोर न लावता चढतात.

सुतळीवर एक चूक हमखास होते. मुलं समजतात की डोंगरही १८० कोटी वर्षांचा आहे. दगड तेवढा जुना, डोंगराचा आकार नाही. आधी हे वाळूचे थर अखंड पसरलेले होते. मग भूभाग वर उचलला गेला, थरांना उभ्या भेगा पडल्या, पावसाने आणि नद्यांनी त्या भेगा रुंद करत करत मधला खडक वाहून नेला. जे तुकडे उरले ते तेपुई. भिंतीची वीट आणि घराचं वय वेगळं असतं, हे उदाहरण पुरतं. जुन्या वाड्याच्या विटा काढून बांधलेलं नवं घर मुलांनी पाहिलेलं असतं.

आता तो प्रयोग, जो तुम्हाला हवा होता. एक मोठी परात किंवा उथळ घमेलं, साधारण ४५ सेंटिमीटरचं. बारीक वाळू ५ किलो, त्यात दोन मुठी पांढरी चिकण माती, आणि अर्धा लिटर पाणी थोडं थोडं घालून कालवा. मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी टपकता कामा नये. हे मिश्रण परातीच्या मध्ये २० बाय २० सेंटिमीटरच्या चौकोनात, ८ सेंटिमीटर उंच, थापीने ठोकून बसवा. हा खालचा मऊ थर. वर कठीण थरासाठी तीन वाट्या वाळू आणि अर्धी वाटी सिमेंट, जेमतेम ओलं करून, १ सेंटिमीटर जाडीत सपाट पसरा. सिमेंट तुम्हीच हाताळा, हातमोजे घालून. ओलं सिमेंट मुलांच्या कातडीला भाजतं. तासाभराने थर थोडा आवळला की जुन्या सुरीने उभ्या-आडव्या चिरा पाडा, दर ५ सेंटिमीटरला एक, अगदी खालच्या वाळूपर्यंत. चिरा आरपार हव्यात. मग एक रात्र तसंच ठेवा, वरून ओलं फडकं टाकून.

दुसऱ्या दिवशी परातीची एक बाजू पुस्तकभर उचला, म्हणजे पाणी एका बाजूने निघेल. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला सुईने आठ-दहा छिद्रं पाडा आणि १ लिटर पाणी चार-पाच मिनिटांत, पावसासारखं, डोंगरावर शिंपडा. मग थांबा, काय झालं ते बघू द्या, पुन्हा शिंपडा. चिरांतून पाणी आत जातं, खालची वाळू बाजूने वाहून येते, कडेचा सिमेंटचा चौकोन अधांतरी राहतो आणि एका क्षणी धप्पकन खाली येतो. तो पडल्यावर जी बाजू उघडी पडते ती तिरपी नसते, जवळजवळ उभी असते. मुलांना नेमकं तेवढंच बघायला सांगा : डोंगर कडेकडेने लहान होतो, पण माथा सपाटच राहतो आणि कडा उभाच राहतो. ‘कोणी कापला?’ याचं उत्तर परातीत पडलेलं असतं.

हा प्रयोग कुठे फसतो तेही सांगतो. वाळू फार ओली असेल तर सगळा ढीग बसून जातो आणि गोल टेकडी होते, मग पुन्हा ठोकून बसवण्याशिवाय इलाज नाही. माती घातलीच नाही तर कडा उभा राहत नाही. माती जास्त झाली तर पाणी आत शिरत नाही आणि तासिका संपते तरी काही पडत नाही. चिरा अर्धवट असतील तर वरचा थर ताटासारखा अख्खा राहतो, पाणी नुसतं कडेने ओघळतं. आणि पाणी तांब्याने ओतलं तर मुलांना पूर दिसतो, झीज दिसत नाही. दुसऱ्या शाळेत हेच करून बघायचं असेल तर सिमेंटऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस चालतं, ते अर्ध्या तासात आवळतं, पण चिरा पहिल्या पाच मिनिटांतच पाडाव्या लागतात. एक गोष्ट मुलांना प्रामाणिकपणे सांगा : परातीत दहा मिनिटांत जे घडलं त्याला तिकडे कोट्यवधी वर्षं लागली, आणि तिथला खालचा थर आपल्या परातीतल्यासारखा भुसभुशीत नाही, वरच्यापेक्षा मऊ आहे एवढंच. त्या मऊ खालच्या थरांवर आज दाट जंगलाचा उतार आहे आणि त्याच्या वर नागडा कडा.

सपाट हा शब्दही जपून वापरा. लांबून सपाट. वर गेलं तर दगडांचे खांब, छत्रीसारखे कातळ, खड्डे, भेगांच्या गल्ल्या आणि पाण्याची डबकी. धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. मुलं क्रिकेटचं मैदान समजतात, ते आधीच मोडून काढा. इतक्या पावसात गारगोटीसारखा न विरघळणारा खडकसुद्धा कणाकणाने विरघळतो, आणि त्यातून माथ्याच्या पोटात १० किलोमीटरहून लांब गुहा तयार झाल्या आहेत. गुहा फक्त चुनखडीतच होतात असं पुस्तकात वाचलेल्या सातवीच्या मुलाला हे जरूर सांगा.

वर थंडी का, हा प्रश्न तुमच्या मुलांनी विचारला नसेल तरी काढा, कारण खान्देशात उन्हाळ्याची झळ सोसलेल्या मुलाला विषुववृत्ताजवळ थंडी ही अशक्य गोष्ट वाटते. दर १,००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. रोराइमा विषुववृत्तापासून जेमतेम ५ अंश उत्तरेला. किनाऱ्यावर २८ अंश धरले, २.८ ने गुणून सुमारे १८ वजा केले, की माथ्यावर १० अंश. हाच हिशोब घरचा करून घ्या : जळगाव सुमारे २०० मीटर, तोरणमाळ सुमारे १,१५० मीटर, फरक सहा अंशांचा. मे महिन्यात लोक तोरणमाळला का जातात हे मुलांना ठाऊकच असतं, कारण आता कळतं.

पाणी कुठून येतं, तर पावसातूनच. वर कुठला झरा जमिनीतून चढत नाही. अटलांटिकवरून येणारे ओलसर वारे त्या कड्यावर आदळतात आणि माथ्यावर जवळजवळ रोज पाऊस पडतो. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत उरकतो, तिकडे तो वर्षभराचा पाहुणा नाही, घरचाच आहे. श्रावणात मनुदेवीचा धबधबा किंवा पाटणादेवीजवळच्या डोंगरातल्या धारा मुलांनी पाहिल्या असतील. मोठा पाऊस झाला की रोराइमाच्या कड्यावरून तशा कितीतरी धारा एकदम सुटतात. पण जगातला सर्वांत उंच धबधबा, ९७९ मीटरचा एंजल फॉल्स, रोराइमावर नाही. तो औयान नावाच्या दुसऱ्या तेपुईवर आहे. व्हिडिओवाले सर्रास दोन्ही एकत्र करतात.

पाण्याची वाटणी शिकवायला रोराइमाइतकं सुंदर उदाहरण नाही. आपल्या अजिंठ्याच्या रांगेवर पडलेला थेंब उत्तरेला घसरला तर गिरणा किंवा वाघूरमधून तापीत आणि अरबी समुद्रात जातो. दक्षिणेला घसरला तर गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. एक डोंगर, दोन समुद्र. रोराइमाच्या माथ्यावरचं पाणी तीन मोठ्या खोऱ्यांत जातं : ओरिनोको, एसेक्विबो आणि अॅमेझॉन. तिन्ही शेवटी अटलांटिकलाच मिळतात, हे नकाशावर मुलांनाच शोधू द्या. परातीतल्या डोंगरावर शेवटचं पाणी टाकताना तीन बाजूंना तीन वाट्या ठेवल्या तर हेही तिथल्या तिथे दिसतं.

आता जिवंत गोष्टी. यात सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण मुलांचं मन इथे आहे. वर्षभर धुतल्या जाणाऱ्या वाळूच्या दगडावर माती फार पातळ असते आणि तिच्यातलं नत्र, स्फुरद पाण्याबरोबर निघून जातं. आपल्या काळ्या मातीतल्या चिकण कणांना खत धरून ठेवता येतं, गारगोटीच्या वाळूला येत नाही. हे दाखवायला दोन बाटल्या आडव्या कापा, तोंडाला फडकं बांधून उलट्या ठेवा. एकीत पाच-सहा वेळा स्वच्छ धुतलेली वाळू, दुसरीत तीन भाग तीच वाळू आणि एक भाग काळी माती. नुसती काळी माती घेऊ नका, पाणी तासभर उतरत नाही. प्रयोगशाळेतल्या मिथिलीन ब्ल्यूचे दोन-तीन थेंब टाकलेलं एक ग्लास पाणी दोन्हींत हळूहळू ओता. वाळूतून निळं पाणी उतरतं, माती असलेल्या बाटलीतून बरंच फिकट. निळा रंग म्हणजे खत समजा. वाळू नीट धुतली नसेल तर दोन्हीकडे सारखंच दिसतं, कारण आपल्या तापी-गिरणेच्या वाळूतही चिकणमातीचा गाळ असतो.

माती उपाशी, मग झाड काय खाणार? काही झाडांनी किडे पकडायला सुरुवात केली. हेलियाम्फोरा हे त्यातलं नीट बघण्यासारखं झाड. पान कागदाच्या पुडीसारखं गुंडाळून नळी झालेली, तोंड वर, आत पावसाचं पाणी. वरच्या टोकाला चमच्यासारखी लहानशी लाल वाटी असते, तिच्यात गोड रस. किडा रसासाठी येतो आणि आत घसरतो. आतले केस खाली वळलेले असतात, त्यामुळे उतरणं सोपं आणि चढणं जवळपास अशक्य. रोजच्या पावसाने नळी काठोकाठ भरून वाकली असती, किडे वाहून गेले असते. म्हणून नळीच्या मध्यावर एक बारीक चीर असते, जास्तीचं पाणी तिच्यातून निघून जातं. आपल्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप असतो, तसं. पडलेला किडा कुजवायचं काम बहुतेक जातींमध्ये पाण्यातले जिवाणूच करतात आणि झाड तो रस शोषून घेतं. कागदाची पुडी वळून, मध्ये टाचणीने भोक पाडून, आत पाणी ओतून मुलांना हे हातात धरून बघता येतं. पुडीसाठी वहीचा कागद लगेच भिजतो, दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक घ्या.

तिथे ड्रोसेराही आहे, पानांवर चिकट थेंब असलेली. तिची बहीण आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे सपाट कातळमाथ्यांवर, वाढते, तिला दवबिंदू म्हणतात. पाण्यातले सूक्ष्म जीव पकडणारी सीतेची आसवंही सड्यांवर फुलतात, आणि त्याच कुळातल्या वनस्पती रोराइमावर आहेत. कारण दोन्हीकडे एकच : कातळावरची पातळ, धुतलेली माती. मुलांना हेही ठासून सांगा की ही झाडं बोटाला धरत नाहीत, माणूस खात नाहीत. व्हिडिओच्या पार्श्वसंगीतामुळे लहान मुलं खरंच घाबरतात.

आणि बेडूक. ओरिओफ्रायनेला नावाची ही भेकी जेमतेम २ सेंटिमीटरची, नखापेक्षा थोडी मोठी. अंग काळं, खरबरीत, पोटावर पिवळे डाग. काळ्या कातळावर ती बसली की दगडाचा खडाच. तिला उड्या मारता येत नाहीत, पोहताही येत नाही, ती हळूहळू चालते. आपल्याकडच्या बेडकासारखी डबक्यात शेपटीवाली पिल्लं नाहीत, अंड्यातून थेट चिमुकली भेकी बाहेर येते. शेजारच्या कुकेनान तेपुईवर राहणारी तिची भाऊबंद जात धोका दिसला की पाय आवळून गोळा होते आणि उतारावरून खड्यासारखी गडगडत खाली जाते. ती इतकी हलकी असते की लागत नाही. आता विचारा, ही भेकी एका डोंगरावरून दुसऱ्यावर का जात नाही? मुलं कडा आठवतील, चव्वेचाळीस खांब आठवतील. खाली उष्ण गवताळ रान, वर थंड ओला माथा. प्रत्येक तेपुई म्हणजे हवेतलं बेट, म्हणून एका माथ्यावरची कितीतरी झाडं आणि जीव जगात दुसरीकडे नाहीत. उत्तर तुम्ही देऊ नका, दोन मिनिटं शांत बसा, वर्गातून येतं.

पेमोन लोकांची गोष्टही सांगाच. त्यांच्या मते रोराइमा हा एका प्रचंड झाडाचा बुंधा आहे. त्या झाडाला जगातली सगळी फळं आणि कंदमुळं लागत. त्यांच्या गोष्टींतल्या मकुनाइमा या वीराने ते तोडलं, झाड कोसळलं आणि मोठा पूर आला. ही गोष्ट ‘अडाण्यांची समजूत’ म्हणून सांगू नका. आपल्या नंदुरबारकडच्या अस्तंबा डोंगरावर दिवाळीत लोक अश्वत्थाम्यासाठी चढतात, ती गोष्ट आपण जितक्या आदराने सांगतो तितक्याच आदराने हीही सांगा. बुंध्यासारखा कापलेला माथा आणि चारी बाजूंनी वाहणारं पाणी, त्या लोकांनी डोंगर किती नीट पाहिला होता हे मुलांच्याही लक्षात येईल. व्हेनेझुएलाच्या बाजूचा भाग कनाइमा राष्ट्रीय उद्यानात येतो, १९९४ पासून ते जागतिक वारसा आहे, आणि माथ्यावरचा एक स्फटिकही खिशात घालून आणायला बंदी आहे. आपल्याकडे लेण्यांजवळ पोकळ्यांतले स्फटिक हातोडीने काढणाऱ्यांना मुलांनी पाहिलं असेल, त्यावर इथे बोलता येईल.

शेवटची पंधरा मिनिटं चित्राला ठेवा. एका पानावर दोन डोंगर, मधून चिरलेले. डावीकडे आपला, उजवीकडे रोराइमा. रंग तुम्ही सांगू नका. आपल्या डोंगराला ज्याने बाहेरून तपकिरी आणि आतून काळा रंगवला, आणि रोराइमाला बाहेरून काळा व आतून गुलाबी, त्याला समजलं. ज्याने दोन्ही आतबाहेर काळे केले, त्याच्या हातात सकाळी फोडलेला दगड पुन्हा द्या.